दिवा वाढवा

१

येडगावचा रत्नदीप वायरमन कुठंही एलईडीची पट्टी लावायला गेला की आधी कागद-पेन्सिल मागायचा. लोकांना वाटायचं, आता सामानाची यादी येणार. हा पठ्ठ्या गणित मांडून बसायचा. पट्टी किती मीटर, मीटरला वॉट किती, गुणाकार काय आला, त्यावर पाचवा हिस्सा जास्तीचा धरला तर किती. मग त्या आकड्याच्या वरचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे पट्टीला चोवीस व्होल्ट पुरवणारा पत्र्याचा डबा. जुनी माणसं त्याला अजून चोकच म्हणतात, आणि रत्नदीप त्यांना दुरुस्त करायच्या फंदात पडत नाही.

"पट्टी कोण बी चिकटवंल," तो म्हणायचा. "डबा निवडता आला पायजे. त्याच्यात कायम थोडी मोकळी जागा ठेवायची. काठोकाठ भरला की तापतो, आन तापला की मरतो."

मंचरपासून तळेघरापर्यंत त्यानं लावलेला एकही ड्रायव्हर जळाला नव्हता. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याला मिरवायला फारसं काही नव्हतं. हे एक होतं, आणि ते तो मनसोक्त मिरवायचा.

जुन्नरच्या बाजारपेठेतलं रमणलाल शेठचं साड्यांचं दुकान नव्यानं सजवायचं काम त्याच्याकडेच येणार, यात कुणाला शंका नव्हती. वीस वर्षांपूर्वी रत्नदीपला वायरमन म्हणून कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा शेठनी दुकानाची चावी त्याच्या हातावर ठेवली होती आणि म्हटलं होतं, "सगळं वायरिंग काढ आणि नवं कर. चुकलं तर परत कर." ते चुकलं नाही. पण ते 'चुकलं तर परत कर' रत्नदीप जन्मभर विसरला नाही.

दुकान सिमेंटचं, अरुंद आणि लांबट. गल्ल्यामागून एक बोळ आत जायचा. सहा मीटर लांब, दोन्ही अंगांना साड्यांची कपाटं, शेवटी सरळ भिंत. त्या भिंतीपाशी एक पिवळा बल्ब आणि त्याचं जुनं काळं गोल बटण. साडी काढायला शेठ स्वतः आत जायचे, दुसऱ्या कुणाला पाठवायचे नाहीत. आणि संध्याकाळी दुकान बंद करायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आधी आतला दिवा, मग मधला, मग गल्ल्यावरचा. आतून 'खट्' असा आवाज यायचा, शेठ ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचे आणि उलट्या पावलांनी बाहेर यायचे. तोंड आत, पाठ बाहेर. बोळातून बाहेर पडेपर्यंत पाठ फिरवायचे नाहीत. बाजारातले लोक त्याला 'शेठची उलटी परेड' म्हणायचे. शेठना विचारलं तर ते हसायचे आणि विषय बदलायचे.

२

आता शेठ हसत नव्हते. दिवाळीच्या आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. मुलगा पीयूष त्यांना रोज वरच्या मजल्यावरून उचलून खाली आणायचा आणि गल्ल्याशेजारी चाकाच्या खुर्चीत बसवायचा. तोंड गिऱ्हाइकांकडे करून बसवायचा, पण घटकाभरात शेठ डाव्या पायानं रेटत रेटत खुर्ची फिरवायचे. तोंड बोळाकडे.

"तिकडे काय आहे कोण जाणे," पीयूष म्हणाला. "रत्नदीपभाऊ, बोळातही पट्टी टाका. निम्म्यापर्यंत टाका. त्याच्या आत आता कोण जातंय?"

रत्नदीपनं हिशेब केला. बोळाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मीटर, एकूण सहा. मीटरला चौदा वॉट म्हणजे चौऱ्याऐंशी. पाचवा हिस्सा वर धरून शंभराच्या थोडं पुढे. त्यानं दीडशेचा ड्रायव्हर बसवला, क्लॅम्प मीटरची पक्कड वायरला लावली आणि आकडा पाहिला. साडेतीन अँपिअर. गणितात जेवढे होते तेवढेच. आकडा गणिताशी जुळला की त्याला पोट भरल्यासारखं वाटायचं.

पांढरा लख्ख उजेड पडला. गिऱ्हाईक बाया 'अगं बाई' म्हणाल्या. आणि शेठनी डावा हात उचलला, बोळाकडे बोट केलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा एक शब्द स्पष्ट बोलले.

"वाढवा."

पीयूष धावत आला. खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला. "पप्पा? काय म्हणालात?"

"वाढवा."

"बोलले!" पीयूषच्या डोळ्यांत पाणी आलं. "उजेड आवडलाय त्यांना, भाऊ. अजून पाहिजे म्हणतात. शेवटपर्यंत न्या पट्टी."

रत्नदीपलाही भरून आलं. या माणसानं आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यानं दुसऱ्याच दिवशी पट्टी भिंतीपर्यंत नेली. बारा मीटर, एकशे अडुसष्ट वॉट, पाचवा हिस्सा वर. अडीचशेचा ड्रायव्हर. मीटरवर बरोबर सात. जुना बल्ब आणि ते काळं बटण त्यानं काढलं, आणि टाकवेना म्हणून आपल्या पिशवीच्या तळाशी ठेवून दिलं.

शेठ बघत होते. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता. "वाढवा," ते म्हणाले. "वाढवा, वाढवा."

"तब्येत सुधारतेय," पीयूष म्हणाला.

३

पाचव्या दिवशी पीयूषचा फोन आला. पट्टी लुकलुकत होती.

रत्नदीपला आधी ते खरंच वाटेना. तो दुपारी जाऊन पोचला आणि स्टुलावर चढून त्यानं ड्रायव्हरला हात लावला, तर चटका बसला. डबा घूं घूं करत होता. दोन क्षण उजेड, एक क्षण अंधार. हे दुखणं त्याला ठाऊक होतं. झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडला की डबा स्वतःला वाचवायला असा हात सोडतो आणि पुन्हा धरतो. पण भार पडलाय कुठं?

त्यानं मीटर लावला. उजेड आला त्या क्षणाला आकडा होता साडेदहा.

साडेदहा गुणिले चोवीस, दोनशे बावन्न वॉट. मीटरला चौदा धरले तर अठरा मीटर पट्टी.

त्यानं टेप काढली. डावी बाजू सहा मीटर. उजवी सहा. पुन्हा मोजली. तेवढीच. पट्टीचा गुंडाळा खराब असेल म्हणून त्यानं एका मीटरचा तुकडा सुटा करून वेगळा लावून पाहिला. चौदा वॉट, ना कमी ना जास्त. मीटरच बिघडला असेल म्हणून शेजारच्या मोबाइलवाल्याचा मीटर मागून आणला. त्याच्यावरही साडेदहा.

बारा मीटर पट्टी छतावर होती आणि अठरा मीटर पट्टी जळत होती. उरलेली सहा, म्हणजे दोन्ही अंगांना तीन-तीन मीटर, कुठंतरी उजेड देत होती.

"कुटं तरी वायर दबली आसंल," तो पीयूषला म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच पटत नाही हे त्याला कळत होतं. वायर दबली असती तर ठिणगी उडाली असती, वास आला असता. हा भार शहाण्यासारखा होता. पट्टीच्या मापानं मोजून घेतलेला.

तो बोळात शिरला. कपाटांतल्या साड्यांच्या पुठ्ठ्यांचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. भिंतीपर्यंत आठ पावलं. भिंतीला हात लावला, ती थंड होती. कान लावला. पलीकडून घूं घूं असा आवाज येत होता, अगदी ड्रायव्हरसारखा. त्याच्या मनानं लगेच उत्तर दिलं, की मागचाच आवाज भिंतीवर आदळून परत येतोय. तेवढ्यात पट्टी विझली आणि मागचा डबा गप्प झाला. पलीकडचा लगेच गप्प झाला नाही. तो अर्धा क्षण उशिरा गप्प झाला.

परत येताना त्यानं पावलं मोजली. नऊ भरली.

माणूस बाहेर येताना पाय बारीक टाकतो, त्यानं स्वतःला समजावलं. मग तो दुकानाला वळसा घालून मागच्या गल्लीत गेला. तिथं दुकानाची मागची भिंत होती, तिच्यावर एका लग्नसमारंभाचं फाटकं पोस्टर, खाली हातपंप आणि दोन मोटारसायकली. भिंतीला ना फट, ना खिडकी. हातपंपावर कळशी भरणाऱ्या कुशाबाईनं विचारलं, "काय हुडकतोय रं?"

"तीन मीटर," रत्नदीप म्हणाला, आणि ती हसली, तसा तोही हसला.

४

तो परत आला तेव्हा पीयूष गिऱ्हाइकांत होता. रत्नदीप सामान उचलायला खुर्चीजवळ वाकला, तर शेठनी त्याचं मनगट पकडलं. सुक्या हाताची पकड इतकी घट्ट असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"रत्न्या," शेठ म्हणाले. नावही आता येत होतं. "वाढव."

"वाढवतो, शेठ. मोठा डबा टाकतो. लुकलुकणार न्हाई मंग."

शेठनी मान हलवली. नाही, नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड एका बाजूला ओढलं जात होतं. "वाढव. आतला. आतला वाढव."

"व्हय, व्हय. आतला बी वाढवतो. तुमी जीवाला तरास करून घेऊ नका."

शेठनी त्याच्याकडे असं पाहिलं, की नंतर कितीतरी दिवस ती नजर रत्नदीपला जेवताना आठवायची. मग त्यांनी मनगट सोडलं आणि खुर्ची पुन्हा बोळाकडे फिरवली.

रत्नदीपपुढे दोन वाटा होत्या. पट्टी काढून टाकायची, किंवा ड्रायव्हर मोठा घ्यायचा. पट्टी काढली असती तर लोकांनी म्हटलं असतं, रत्नदीपचं गणित चुकलं. आणि शेठ तर डोळ्यांत पाणी आणून मागत होते. दोनशे बावन्नवर पाचवा हिस्सा धरला तर तीनशे दोन. त्यानं साडेतीनशेचा बसवला. उजेड एकदम स्थिर झाला, बोळ धुतल्यासारखा पांढरा दिसू लागला. डबा गार. घूं घूं बंद.

शेठही गप्प झाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. समाधान झालं, असं पीयूष म्हणाला, आणि रत्नदीपनं ते खरं मानलं. निघताना पुन्हा मीटर लावायचं मात्र त्यानं टाळलं. वायरमन झाल्यापासून पहिल्यांदा त्याला आकडा बघायची भीती वाटली.

५

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. रत्नदीपच्या घरी पौर्णिमेला संध्याकाळी वंदना असते. त्याची आई जानकाबाई दिवस मावळायच्या तासभर आधी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती आणि अगरबत्ती लावते, आजूबाजूच्या चार बाया येतात. धरणाच्या पाण्यावरून गार वारा सुटला होता. वंदना संपली, बाया गेल्या, आणि दार उघडं असल्यानं मेणबत्तीची ज्योत पडद्याकडे झुकू लागली.

आई आत कणीक मळत होती. तिथूनच ओरडली, "रतन, ती मेणबत्ती वाढव रं. पडदा पेट घ्यायचा."

रत्नदीपचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. "वाढव म्हंजी? मोठी लावू का दुसरी?"

"आरं, वाढव! फुंकर घाल!"

"मंग विझव म्हण की सरळ."

"शानाच हायेस," आई पिठाच्या हातानं बाहेर आली. "दिव्याला विझव म्हंत्यात व्हय? आमच्या आईनं कदी म्हनू दिलं न्हाई. दिवा वाढवायचा, दुकान वाढवायचं. बांगडी फुटली तर वाढली म्हनायचं. येवडं बी ठावं न्हाई तुला?"

तिनं पुढं होऊन फुंकर घातली. धुराची रेघ वर गेली.

रत्नदीप जागचा हलला नाही. त्याला बोळाच्या आतून येणारा 'खट्' आवाज ऐकू येत होता, आणि त्यामागून, वीस वर्षांत कितीदा तरी, शटरपाशी उभ्या असलेल्या त्याच्या कानांवर पडलेला आणि कधी न ऐकलेला शब्द. आतला दिवा, 'वाढवा.' मधला दिवा, 'वाढवा.' गल्ल्यावरचा, 'वाढवा.' मग दुकान, 'चला, वाढवा.'

म्हातारा आठ-दहा दिवस विनवत होता, तो दिवा विझवा म्हणून. आणि आपल्याकडे कधी काही न मागणाऱ्या माणसाचं ऐकायचं म्हणून रत्नदीपनं हौसेनं, हिशेब करून, पाचवा हिस्सा जास्तीचा धरून, उजेड आत आत नेला होता.

त्यानं पीयूषला फोन लावला. वाजत राहिला. मग त्याला आठवलं, ही जैनांची जेवायची वेळ. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायला पीयूष आणि त्याची बायको डिंपल वर जातात. शेठचं त्याआधीच झालेलं असतं. म्हणजे त्या अर्ध्या तासात दुकानात फक्त शेठ असतात आणि तो बोळ.

"कुटं निगालास?" आई म्हणाली. त्यानं गाडीला किक मारली.

६

तो पोचला तेव्हा बाजारात नुकते दिवे लागले होते. पीयूष दुकानाच्या पायरीवर उभा राहून शेजाऱ्याला विचारत होता, "पप्पांना कुणी वर नेलं का? डिंपल तर माझ्यासोबतच जेवत होती."

खुर्ची बोळाच्या तोंडाशी होती, रिकामी. तिच्याखाली शेठच्या मोजड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. स्वतःच्या पायावर उभा राहू न शकणारा माणूस मोजड्या काढून कुठं जाणार, हा प्रश्न पीयूषला अजून पडलेला नव्हता. तो हाका मारत रस्त्याला लागला.

रत्नदीप एकटा उरला. त्यानं स्टुलावर चढून मीटर लावला.

चौदा. तीनशे छत्तीस वॉट. चोवीस मीटर पट्टी. म्हणजे बारा मीटर लांबीचा बोळ. जेवढा होता त्याच्या दुप्पट.

त्याचा हात पट्टीच्या बटणाकडे गेला. उशीर झाला असेल, पण सांगितलेलं काम तर होईल. बोट बटणावर टेकलं, आणि आतून हाक आली.

"रत्न्या."

आवाज दुरून येत होता, पण खणखणीत होता. झटका येण्याआधीचा. त्यानं मान वळवली.

भिंत असते तिथं भिंत दिसत नव्हती. उजेडाच्या दोन रेघा पुढं गेल्या होत्या, आणखी पुढं, जवळ जवळ येत. कपाटं नव्हती. त्या रेघांच्या टोकाशी, हाताच्या बोटाएवढे दिसणारे शेठ उभे होते. स्वतःच्या दोन पायांवर. पांढरा सदरा, पाठ इकडे, तोंड आत. डावा हात आडवा धरलेला, दारात उभं राहून कुणाला अडवावं तसा. त्यांच्या पुढं उजेड जात नव्हता.

"रत्न्या, वाढव," ते म्हणाले.

रत्नदीपचं बोट बटणावरच राहिलं. हा शब्द आता कुठल्या अर्थानं घ्यायचा? बाहेर खुर्चीत बसलेल्या शेठचा अर्थ त्याला उशिरा का होईना कळला होता. पण तेव्हा शेठ बाहेर होते. आता ते आत होते. विझव म्हणत असतील आणि विझवला नाही, तर तो पुन्हा चुकणार. उजेड वाढव म्हणत असतील आणि त्यानं विझवला, तर म्हातारा त्या अंधारात एकटा, त्याच्या समोर जे काही आहे त्याच्यासकट.

"कसा वाढवू?" तो ओरडला. "शेठ, कसा ते सांगा!"

त्यानं डोळ्यांवर आलेला घाम पुसला आणि पुन्हा पाहिलं, तर आठ पावलांवर भिंत होती.

त्यानं बटणावरचं बोट काढून घेतलं.

७

पुढचे दिवस सगळ्या गावानं पाहिले. पोलीस आले, बस स्टँडवर फोटो लागले, मोबाइलवर संदेश फिरले. कॅमेऱ्यात शेठ दुकानातून बाहेर पडताना दिसत नव्हते, तर कॅमेरा मध्येच बंद पडला असेल असं ठरलं. रत्नदीप कुणाला काही बोलला नाही. काय बोलणार? बोळ दुप्पट झाला, हे मीटरवर दिसतं म्हणून?

त्यानं पीयूषकडे एकच मागणं मागितलं, की बोळातला दिवा बंद करायचा नाही. डिंपलनं लगेच होकार दिला. "पप्पा आले तर त्यांना उजेड दिसला पाहिजे," ती म्हणाली. वीज जाते तेव्हासाठी रत्नदीपनं इन्व्हर्टर जोडून दिला. साडेतीनशेचा ड्रायव्हर भरत आला तसा दुसरा लावला, मग तिसरा. दर रविवारी बाजाराच्या निमित्तानं तो यायचा आणि मीटर लावायचा. सोळा. अठरा. एकवीस. आकडा वाढला की त्याला बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाज वाटायची. उजेड पुढं सरकतोय म्हणजे शेठ त्याच्यासोबत चालताहेत, अजून त्यांच्यापुढं उजेड आहे, एवढाच अर्थ तो काढायचा. चुकलं तर परत कर, असं शेठनी सांगितलं होतं. हे परत करण्यासारखं नव्हतं, पण डबे पुरवणं तरी त्याच्या हातात होतं.

जानकाबाईनं एकदा विचारलं, "वाळलास किती. झालंय काय?"

"शब्द कळाला न्हाई, आई," तो म्हणाला. "साधा शब्द व्हता."

मग होळीनंतरच्या एका रविवारी आकडा पहिल्यांदा कमी आला. एकवीसचे अठरा. पुढच्या रविवारी चौदा. त्यापुढच्या साडेदहा. रत्नदीप स्टुलावरच बसून लहान मुलासारखा रडला. आतून कुणीतरी एकेक मीटर दिवे बंद करत येत होतं. आधी आतला, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा. ती पद्धत एकाच माणसाची होती. शेठ दुकान वाढवून परत येत होते.

८

त्यापुढच्या रविवारी तो ठरवून संध्याकाळी आला. पीयूष आणि डिंपल वर जेवायला गेले होते. बाहेर अजून ऊन होतं. त्यानं चाकाची खुर्ची पुसली, बोळाच्या तोंडाशी आणून ठेवली, मोजड्या जवळ लावल्या. शेठ उलट्या पावलांनी येणार, तेव्हा बसायला सोपं जावं म्हणून खुर्चीचं तोंडही आत केलं.

मीटर सातवर होता. गणितात होता तेवढाच. म्हणजे भिंतीपर्यंत आले होते.

'खट्.'

जुन्या काळ्या बटणाचा आवाज. ते बटण रत्नदीपच्या पिशवीत होतं, पिशवी त्याच्या पायाशी होती. भिंतीजवळचा मीटरभर उजेड गेला. मीटर सहाच्या खाली उतरला.

तो वाट पाहत राहिला. खटक्यामागून शेठ शब्द बोलायचे. शब्द आला नाही.

थकले असतील, त्याला वाटलं. तो स्वतःच म्हणाला, "वाढवा."

'खट्.' आणखी एक मीटर. अंधार निम्म्याजवळ आला. अनवाणी पावलांचा आवाज येत होता, सावकाश, एकेक.

"वाढवा, शेठ," तो पुन्हा म्हणाला. "म्या हाय हितं. तुमी नुसतं म्हना."

'खट्.' बोळ निम्मा राहिला, पहिल्या दिवशी पट्टी लावली होती तेवढा. त्या तीन मीटर उजेडात कपाटांतल्या साड्यांचे रंग स्पष्ट दिसत होते. घूं घूं बंद होती. वरच्या मजल्यावर ताटं उचलल्याचा आवाज झाला.

मग उजेडाच्या कडेला दोन पावलं येऊन थांबली. वरचं सगळं अंधारात होतं, फक्त पावलं दिसत होती.

रत्नदीप त्यांच्याकडे बघत राहिला, आणि त्याचा हात खुर्चीच्या पाठीवरून हळूहळू सुटला. शेठ असते तर टाचा दिसल्या असत्या.